सिंधुबाईंचा बुटक्या

कळसाडीच्या सिंधुबाई पाटलांनी उभ्या जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. घरात कोंबडी कापायची असली, की त्या शेजारी जाऊन बसायच्या.

मुलगा ललित नोकरीसाठी परदेशी निघाला, तेव्हा आपला फ्रेंच बुलडॉग आईकडे सोडून गेला. चपटं नाक, बाहेर आलेले डोळे, वटवाघळासारखे कान.

"हाऊ कुत्रा शे का डुक्करनं पिल्लू?" सिंधुबाईंचे यजमान बन्सीलाल म्हणाले.

"बाबा, याले उनमा नेऊ नका. याले दम लागस," ललितने बजावलं.

त्याचं नाव ब्रुटस होतं. सिंधुबाईंनी त्याचा बुटक्या केला. तो दिवसभर कूलरसमोर पडून राहायचा आणि खाटेखाली घोरायचा. ललित गेल्यापासून सुन्या झालेल्या घरात त्यांना ते घोरणंही बरं वाटायचं.

परसात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली गावातली तांबडी कुत्री व्यायली होती. सिंधुबाई तिला रोज भाकरी टाकायच्या. एका सकाळी बुटक्या सूं सूं करत त्या ढिगात तोंड घालायला गेला, आणि तांबडीने थेट त्याचा चेहराच धरला.

गोंगाट ऐकून गल्लीतले दोन कुत्रे धावत आले. एकाने मागचा पाय ओढला, दुसऱ्याने पोटाला तोंड घातलं. बुटक्याला नीट ओरडताही येईना. घशातून नुसती घरघर आणि नाकातून रक्ताचा फेस. सिंधुबाईंनी बादलीभर पाणी फेकलं, लाथा घातल्या. मधे हात घातला तर तांबडीचे दात तळव्यातून आरपार गेले. तेवढ्यात बुटक्याचा डावा डोळा खोबणीतून निघून गालावर लोंबला.

सिंधुबाईंनी भिंतीजवळचं फावडं उचललं.

पहिल्या घावात एकाची कंबर मोडली, तो केकाटत फरफटत गेला. दुसरा पळाला. तांबडी मात्र सोडेना. त्यांनी तिच्या डोक्यात घातलं, पुन्हा घातलं. कवटी फुटल्याचा आवाज आला, तरी त्या थांबेनात.

"सिंधू, बस कर! मरी गयी ती!" धावत आलेल्या बन्सीलालांनी त्यांचा हात धरला, तेव्हा कुठे फावडं खाली पडलं.

पदर भिजवून डोळ्यावर दाबत त्यांनी बुटक्याला मोटारसायकलवर मांडीत घेतलं. शहाद्याला जनावरांच्या डॉक्टरांनी डोळा काढून टाकला, पण जीव वाचवला. सिंधुबाईंनाही टाके पडले, इंजेक्शनं घ्यावी लागली.

घरी आल्यावर ढिगातून कुंईकुंई ऐकू आली. सिंधुबाई ढिगाजवळ जाऊन बसल्या.

"मन्हा हातनी भाकर खाये ती," त्या म्हणाल्या. "आन् मीच मारी टाकं तिले."

बन्सीलालांनी तांबडीला बांधावर पुरलं. दोन पिल्लं दगावली, एक जगलं. सिंधुबाई त्याला बँडेज बांधलेल्या हाताने दूध ठेवत. आता ते मोठं झालंय. आंधळ्या बाजूने बुटक्याला बिलगून झोपतं. सिंधुबाईंनी हात पुढे केला, की मात्र मागे सरतं. त्या ताटली ठेवून लांब गेल्यावरच खातं.

त्या लांब जातात.