रॅपर योगराज गप्प बसतो त्याची गोष्ट

धरणगाव तालुक्यातल्या योगराजच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की तो थांबवायची कोणाची टाप नव्हती. धुळ्याला कॉलेजात गेला आणि अहिराणीत रॅप करू लागला. कपाशी, एसटी, गावातली भांडणं, विषय कुठलाही चालायचा, आणि वेग असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. गॅदरिंग म्हणू नका, गणपती म्हणू नका, लग्नाच्या वरातीतसुद्धा लोक त्याला धरून न्यायचे.

आणि अशाच एका वरातीत घोडं अडलं. ऐन रंगात गड्याला ठसका लागला. माईक बाजूला धरून बिचारा खोकतोय, आणि मागे त्यानंच लॅपटॉपवर जुळवलेला ठेका एकटाच वाजतोय. आता लोक थांबतील, आपली फजिती होईल, असं त्याला वाटलं. थांबतात कसले! दुपटीनं नाचायला लागले. नवरदेव घोड्यावरून खाली उतरला. योगराज आधी खट्टू झाला, मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला, की अरे, हा ठेकाही माझाच की! त्या रात्री खुशीनं त्याला झोप आली नाही.

त्याच आठवड्यात त्यानं वडिलांना, अभिमन नानांना, सांगून टाकलं, "नाना, मी आते गानं गावाव नही. दुसरासले गावाले लावसू, त्यासनं गानं बनाडसू."

नानांना ते काही झेपेना. बोलका पोरगा स्वतःहून मुका व्हायला निघालाय, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी अट घातली. आखाजीला तुझं गाणं गावात वाजव. गाव नाचलं तर तुझं खरं. नाहीतर मुकाट्यानं मामाच्या खताच्या दुकानात बसायचं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. माहेरी आलेल्या बाया कडुनिंबाला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. त्यात योगराजची आत्या कमलबाई म्हणजे गावाचा आवाज. तिचं सासर पिंपळनेरला. माहेरी निघालेल्या आत्याला पठ्ठ्यानं धुळ्यातच उतरवून घेतलं आणि थेट आपल्या खोलीत नेलं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दार बंद, कानाला हेडफोन, त्यात ठेक्याची टकटक. आत्यानं पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि गाणं असं भरकटलं की विचारू नका. कधी टकटकीच्या पुढे, कधी मागे.

"झोकावर बठाबिगर माले गानं येत नही रे बेटा," ती म्हणाली.

योगराज हसला. शहाणाच तो! त्यानं एकेक ओळ कापली आणि मापात बसवली. मग ऐकून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त गाण्यात जीव नव्हता. आणि आखाजी तर तोंडावर आलेली.

त्यानं सामान गुंडाळलं आणि आत्याबरोबर गाव गाठलं. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माईकला लोकरीचा मोजा चढवला, झोक्याच्या दोराला बांधला आणि आत्याला म्हणाला, आता म्हण. आत्या झोक्यावर बसली. झोका वर गेला तसा तिनं सूर ताणला, तो मागे फिरला तेव्हा दम घेतला, आणि पुन्हा ओळ उचलली. योगराजच्या ध्यानात आलं. आपण चूक म्हणून कापून टाकला, तो हा दम होता. गाण्याचा ठेका टकटकीत नव्हताच, तो झोक्यात होता. आनंदानं त्याला काय करू नि काय नको झालं. घरी येऊन त्यानं झोक्याच्या येण्याजाण्यावर ढोल बसवला, दोराची करकर तशीच ठेवली. जेवणाची शुद्ध राहिली नाही. माय ताट झाकून झाकून थकली.

पण जित्याची खोड. मधोमध त्यानं स्वतःचं रॅपही घातलं.

ऐकायला त्याचा दोस्त हितेंद्र आला. डीजे त्याचाच. रॅप ऐकून तो खूश झाला. "हेच ठेव. गाव तुझ्या आवाजाला ओळखतं. तू नसलास तर कोण नाचणार?" बोलणं खोटं नव्हतं. पण योगराजनं पुन्हा ऐकलं, आणि त्याला स्वच्छ जाणवलं, की आपण तोंड उघडलं रे उघडलं की झोका थांबतो. मामाचं दुकान डोळ्यांपुढे आलं. रॅप ठेवलं तर वाचू, काढलं तर गेलो कामातून. तरी त्यानं ते पुसून टाकलं. हितेंद्रनं कपाळावर हात मारला.

गौराईच्या बोळवणीला, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत, गाणं वाजलं. पहिली ओळ बायांनी नुसती ऐकली. दुसऱ्या ओळीला कमलबाईनं डोक्यावरची गौराई सावरत पाय उचलला, आणि मग काय, लेकी, सुना, म्हाताऱ्या, सगळा जमाव पुढेमागे झुलायला लागला. झोका वर जावा तसा पुढे आणि दम घेतल्यासारखा मागे. पोरं घुसली, पोरांचे बाप घुसले. योगराज स्पीकरच्या गाडीला धरून उभा होता, आणि हसू त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

गर्दीतून नाना आले. घामाघूम झालेले, टोपी हातात, पाय थांबायला तयार नाहीत. नाचता नाचताच त्यांनी पोराच्या कानाशी तोंड नेलं.

"योगराज, तुन्हं रॅप कव्हय येई रे? मी कव्हयना वाट पाही ऱ्हायनू."

"येवाव नही, नाना," योगराज झुलणाऱ्या सगळ्या गर्दीकडे हात फिरवत म्हणाला. "हाई बठ्ठं मन्हंच शे."