शिशाचं जनावर

माझा दादा महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी लावायच्या, छपाई झाली की मोडून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायची, हेच त्याचं काम. झिजलेले, तुटलेले खिळे मालक त्याला घरी नेऊ द्यायचे. ते वितळवून दादा करंगळीएवढे शिपाई ओतायचा. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत सक्करदऱ्याच्या आमच्या घरातली मागची खोली त्याच्या फौजांनी भरून गेली होती.

ही कल्पना त्याला रद्दीत आलेल्या एका विलायती मासिकावरून सुचली. टेबलावर छोटी सैन्यं मांडून लढाई खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं चित्र त्यात होतं. मजकूर समजण्याइतकं इंग्रजी त्याला येत नव्हतं, म्हणून नियम त्याने स्वतःच बनवले. दोन ट्रंकांवर जुनं दार आडवं टाकायचं, त्यावर विटांचे डोंगर रचायचे, फासे टाकून, दोरीने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे. त्याच्यासमोर खेळायला छापखान्यातलेच, मुद्रितं तपासणारे एक काका यायचे. दर रविवारी जेवण आटोपून सायकलवर यायचे आणि बहुतेक वेळा हरून जायचे.

एकदा ते म्हणाले, "माझ्याशी लढण्यात तुला आता काही मजा नाही. दोघांनाही मिळून लढावं लागेल असं काहीतरी मोठं मांड बुवा."

मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होते. दादा माझ्याकडे वळला. "तू बनव वं एक राक्षस. चांगला मोठा. तू मातीचा कर, मी शिशात ओततो."

मी कागदावर राक्षस काढला. कॅलेंडरांवर पाहिलेला तसाच: शिंगं, सुळे, जाड ओठ, बसकं नाक आणि काळंकुट्ट अंग. बाबांनी तो पाहिला. बाबा गिरणीत होते. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने घराबाहेर काढले होते.

"हे काय काढून राहिली?"

"राक्षस. दादाच्या खेळातला."

"काळा काहून?"

मी पेन्सिल खाली ठेवली. बाबा आवाज न चढवता म्हणाले, "राक्षस म्हणून हे लोक कोणाले दाखवत आले, ठाऊक आहे ना तुले? आपल्यालेच. आता तू आपल्या हातानं आपल्याले शिंगं लावून राहिली."

कागद त्यांनी होता तिथे ठेवला आणि आंघोळीला गेले. तो मी फाडून टाकला.

त्यानंतर कितीतरी दिवस मला काही सुचेना. डोळ्यांसमोर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाला माणसाचाच चेहरा असायचा, आणि तो कोणाचा तरी असायचाच. एका सकाळी तलावाजवळ मासे विकणाऱ्या बाईच्या घमेल्यात मांगूर मासे दिसले. पाण्याबाहेर निघूनही मेले नव्हते. मिश्या हलत होत्या, रुंद तोंडं उघडत होती, मिटत होती. राग नाही, क्रूरपणा नाही, नुसतं तोंड. मी तिथेच बसून चित्र काढलं. घरी येऊन त्या धडाला घोरपडीचे पाय लावले आणि जमिनीला टेकलेलं पोट दिलं. डोळे दिलेच नाहीत.

दादाने मातीचा नमुना फिरवून फिरवून पाहिला. "दात नाहीत?"

"चावत नाही ते. गिळते."

"मंग गिळलेला शिपाई जाईन कुठं?"

तिथून पोट पोकळ करायचं ठरलं. तोंडातून आत टाकलेला शिपाई खरोखरच पोटात पडला पाहिजे. बाबाही येऊन पाहून गेले. म्हणाले, "हे कोणत्याच जातीचं नाही. चालते." आम्ही त्याला जनावर म्हणू लागलो.

पण पोकळ पोट ओतणं कठीण होतं. मी प्लॅस्टरचा साचा केला. शेपटीपर्यंत पोचायच्या आत शिसं थिजायचं, की दादा सगळं परत कढईत टाकायचा. वाऱ्याने स्टोव्ह भडकतो म्हणून खिडकी लावून घ्यायचा. कामावरून आला की चहा घेऊन तडक त्या खोलीत. शेवटी धड साधलं, तेव्हा त्याने मला हाक मारली, आणि आम्ही दोघं ते गरम, जड धड पाहत उभे राहिलो. मला वाटतं, त्या वेळेइतका खुश मी त्याला परत पाहिला नाही.

आधी त्याचं पोट दुखायला लागलं. आई ओवा द्यायची, बाहेरचं खाऊ नको म्हणायची. मग तो पांढरा पडत गेला. एकदा आठवड्याच्या मधेच काका घरी आले आणि बाबांजवळ बसले.

"याची ओळ मी डोळे मिटून पास करायचो," ते म्हणाले. "आता अक्षरं उलटी येतात, गळतात. काल खिळे हातातून खाली पडत होते. त्याचा हात पाहिला का तुम्ही?"

दादाला बोलावलं. उजवा हात समोर धर म्हटलं, तर पंजा मनगटातून खाली लोंबला. त्याने तो डाव्या हाताने उचलून धरला आणि म्हणाला, "झोपेत दबला असन."

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्याचा ओठ खाली ओढला. हिरडीच्या कडेने निळसर काळी रेघ होती. अंगात शिसं भिनलंय, ते म्हणाले. बाबांनी विचारलं, "छापखान्याचं, का घरच्या खेळाचं?"

"दोन्हीचं. कशातून किती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

इंजेक्शनं झाली. पोटातली कळ थांबली, पण हात काही परत आला नाही. मालकांनी त्याला काही दिवस छापलेले कागद मोजायला बसवलं, मग तेही बंद केलं.

जनावराचे पाय तेवढे जोडायचे राहिले होते. आईला ते घरातच नको होतं. दादाने तिला एवढंच सांगितलं, "एक डाव खेळू दे, मंग ने." पाय मी लाखेने चिकटवले.

त्या रविवारी तो डाव्या हाताने फासे टाकत होता. त्याचे शिपाई काका सरकवून द्यायचे. दोन्ही फौजा एका बाजूला, जनावर दुसऱ्या. फासे सगळे जनावराच्याच बाजूचे पडत होते. शिपाई तोंडातून आत टाकला की आत शिशावर शिसं आपटल्याचा आवाज यायचा. अर्धी फौज गेल्यावर काका म्हणाले, "थांबू या गा आता."

"नाही. शेवटवरी खेळू."

शेवटचा शिपाई गेल्यावर दादाने जनावर डाव्या हाताने उचलायला पाहिलं. त्याला ते पेललं नाही. मग तो तसाच त्याच्यावर हात ठेवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्या फौजा आणि जनावर पोत्यात भरून छापखान्यात नेऊन टाकलं. आईने खोली परत परत धुतली. दादाला कोणी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्या किडन्या गेल्या. पाय सुजले, चेहरा ओळखू येईना. भर दुपारी, आई त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत असताना तो गेला.

भेटायला येणारी माणसं विचारायची, काय झालं होतं. बाबा म्हणायचे, "छापखान्यानं खाल्लं त्याले." आई भिंतीकडे पाहून म्हणायची, "त्या जनावरानं." दोघंही एकमेकांचं खोडून काढत नव्हती. मग कोणीतरी माझ्याकडे पाहायचं, आणि मी चहा ठेवायला आत निघून जायचे.