पांढऱ्या घोड्यावर कधीच न लागलेली पैज

कामठीत पॉवरलूमवर राबणाऱ्या एका विधवा बाईचं बँक खातं पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठवलं गेलं. तिने कोणाचं काही घेतलं नव्हतं. खात्यात मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी होती आणि प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मी पोलिसांची नोकरी मुदतीआधीच सोडली, आता वस्त्यांमधून फसवणुकीपासून सावध करणारी पत्रकं वाटत फिरतो. पण ती घटना डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या राज्यात कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती. त्यातले काही पैसे घोड्यांच्या सट्ट्याच्या ॲपमधून या बाईच्या खात्यात आले, म्हणून बँकेने खातं गोठवलं. बाई आमच्या सायबर शाखेत येऊन बसली.

"मी घोडा वरातीतच पाह्यला, साहेब. माह्या पोरीचे पैसे काहून अडवले जी?"

"खात्याला जोडलेलं सिम कोणाकडे आहे?"

बाई पुन्हा फीचंच सांगू लागली. असा प्रश्न टाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती स्वतःला नाही, दुसऱ्याला वाचवत असतात.

दोन दिवसांनी सीताबर्डीतल्या खबऱ्याचा फोन आला. "त्या ॲपचा बुकी परेशान आहे, साहेब. नावं वेगवेगळी, पण जिंकणारा एकच वाटून राहिला." बुकीवर छापा घातला. बाईच्या आणि आणखी काही खात्यांच्या पैजा हाती लागल्या. त्या शर्यतींच्या याद्यांशी, घोड्यांच्या रंगासकट, ताडून पाहताना एक गोष्ट खटकली. यातल्या एकाही खात्यावरून पांढऱ्या घोड्यावर कधीच पैज लागली नव्हती.

सिमचं कळलं नाही तर मुलीचा प्रवेश जाईल म्हटलं, तेव्हा बाईने सांगितलं. सिम मुलीच्या ट्यूशनच्या मास्तरकडे होतं. "स्कॉलरशिपचं काम करून देतो म्हणे. त्यायच्यावर शक नका घेऊ जी, देवमाणूस आहे."

देवमाणूस इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन आला. जबाबात म्हणाला, "रेसमधलं मले काही समजत नाही, सर."

मी वाद घातला नाही. चहा मागवला. आमचे हवालदार दिवाळीनंतर होणाऱ्या पुतण्याच्या लग्नाचं सांगू लागले, वरातीला पांढरी घोडी ठरवली म्हणाले.

"वरातीतच बरी ती," मास्तर हसला. "पांढरा घोडा शेवटच्या टप्प्यात दम सोडते."

"काहून गा," हवालदार म्हणाले, "तुले तर काही समजत नव्हतं?"

मास्तरने कप खाली ठेवला.

मग तो बोलला, आणि अभिमानाने बोलला. प्रत्येक घोड्याला तो स्वतःचे गुण द्यायचा: आधीच्या शर्यती, पाठीवरचं वजन, जॉकी, अंतर. पांढऱ्याचे गुण कापायचा, कारण तशी त्याची समजूत. त्या गुणांवरून जिंकण्याची शक्यता निघायची. बुकीचा भाव, म्हणजे जिंकल्यास एका रुपयाला मिळणारे पैसे, त्या शक्यतेच्या मानाने जास्त दिसला की प्रोग्रॅम आपोआप पैज लावायचा.

"हा जुगार नाही, सर. गणित आहे."

"मग स्वतःच्या नावाने का नाही करत?"

"सतत जिंकणाऱ्याचं खातं बुकी बंद करते. म्हणून दुसऱ्यांची लागतात."

दुसऱ्यांची. शिक्षण घ्यायला धडपडणाऱ्या घरांची. गणित याचं, नाव तिचं, धोका तिचा. पंचनाम्यासाठी लॅपटॉप उघडला तेव्हा पडद्यावर एक नवी पैज दिसली. तो चहा पीत आमच्यासमोर बसला होता, त्याच वेळी बॅगेत चालूच असलेल्या त्या मशीनने बाईच्या नावावर काढलेल्या दुसऱ्या एका सिमवरून ती लावली होती. असं सिम आहे, हे तिला ठाऊकही नव्हतं.

मग पत्रं. बँकेला, त्या राज्यातल्या पोलिसांना, पुन्हा स्मरणपत्रं. बाई निर्दोष आहे हे आम्ही आठवडाभरात लिहून दिलं. पण खातं सुटलं तोवर प्रवेश बंद झाले होते. मुलगी आता सीताबर्डीत कापडाच्या दुकानात उभी राहते. मास्तर जामिनावर सुटला, आणि लोक म्हणाले, काय डोकं आहे पोराचं. ऐकून ऐकून थकलो मी.

या प्रकरणाने मला इतकंच शिकवलं: चोर कुलूप तोडतो, हुशार माणूस किल्ली मागून घेतो, आणि आपण ती आदराने देतो. तुमच्या नावाचं सिम, पासबुक, कार्ड आज कोणाच्या हातात आहे? मास्तर असो, भाऊ असो, आज त्याच्या दारात जा आणि परत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.