दोन सूत खोल

गळकी समई मी खाली ताटली न ठेवता चार दिवस सासऱ्यांच्या संगमरवरी पाटावर पेटवली, आणि तेलाचा डाग दिसल्यावर तो लिंबाने घासला. या एका वाक्यात माझ्या दोन चुका आहेत आणि दुसरी मोबाइलवर पाहून केलेली असल्यामुळे जास्त मोठी आहे. बायको आणि सासूबाई महिनाभर नागपूरला मेहुण्याकडे गेल्या होत्या. निघताना बायकोने दारातून, मग रिक्षातून आणि शेवटी स्टेशनवरून फोन करून एकच गोष्ट सांगितली होती, "समई गळते, खाली ताटली ठेवा." मी तिन्ही वेळा हो म्हणालो होतो. पाट साधा नव्हता. सासरे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा भेडाघाटच्या मूर्तिकारांनी टाकून दिलेला एक तुकडा त्यांनी घरी आणला आणि अख्खा हिवाळा स्वतः घासून त्याचा देवघरातला पाट केला. ते जाऊन आता चार वर्षं झाली. सासूबाई रोज सकाळी देवांच्या आधी तो पाट पुसतात. त्या परत यायला बारा दिवस उरले होते आणि पाटावर बशीएवढा पिवळा डाग होता, त्याच्याभोवती लिंबाने खाल्लेलं पांढुरकं वर्तुळ.

अशा वेळी जबलपुरात एकाच माणसाकडे जाता येतं. माझ्या मते नर्मदेच्या दोन्ही काठांवर, कुठली वस्तू कशात किती आत शिरली आहे हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस नाही. ते माझ्या सासऱ्यांचे भट्टीवरचे जोडीदार. बायको त्यांना काका म्हणते, म्हणून मीही. संरक्षण कारखान्यात दोघांनी मिळून तीस वर्षं एकच काम केलं: लोखंडी पेटीत कोळशाच्या भुकटीत दातेरी चाकं पुरायची, झाकण मातीने लिंपायचं आणि पेटी तासन्‌तास लाल तापवायची. कोळसा त्या पोलादात हळूहळू शिरतो आणि चाकाची कातडी कडक होते, गाभा चिवट राहतो. कोळसा लोखंडात शिरतो हे मला कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी हसलो असतो. काका सांगतात तेव्हा आपण नुसते त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो. "जगात भरीव असं काही नसतं, जावईबापू," हे त्यांचं आयुष्यभराचं मत. "सगळ्यात जागा असते. फक्त वेळ द्यावा लागतो."

हे मत ते नुसतं बाळगत नाहीत, रोज तपासतात. तिलवाऱ्याच्या रस्त्यावर माठ घ्यायला गेले की तिथेच पाणी भरून बसतात आणि बाहेरच्या अंगाला ओल दिसेपर्यंत उठत नाहीत. कुंभार आता न सांगता चहा मागवतो. पनागरहून लिंबं आणून मुरायला घालतात आणि दर रविवारी एक कापून, मीठ कुठवर पोहोचलं ते पोलादी पट्टीने मोजतात. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी नवरदेवाच्या खुर्चीत बसलो होतो आणि समोर एक उंच, वाळके गृहस्थ गुलाबजाम मधोमध कापून चष्म्याजवळ धरून पाहत होते. मग त्यांनी माझ्या सासऱ्यांना हाक मारली. "पाहा. पाक मध्यापर्यंत गेलाच नाही. आचाऱ्यानं भट्टी लवकर उघडली." सासऱ्यांनी व्याह्यांना तसंच उभं ठेवलं आणि दोघंही त्या अर्ध्या गुलाबजामावर वाकले. मला वाटलं, मुलीकडच्या मंडळींत काहीतरी गंभीर झालं आहे.

त्यांचा एक किस्सा भट्टीवरची माणसं अजून सांगतात. एकदा एका साहेबांना माल घाईने हवा होता आणि त्यांनी पेटी दोन तास आधी उघडायला सांगितली. काकांनी स्टूल उचललं, भट्टीच्या दारासमोर ठेवलं, त्यावर बसले आणि जेवणाचा डबा उघडला. "साहब, आपको जल्दी है। कोयले को नहीं है।" साहेब ओरडून गेले. पेटी वेळेवरच उघडली. त्या दोघांच्या हाताखालून गेलेल्या चाकाचा दात तुटून परत आल्याचं कोणाला आठवत नाही. हे मी माझ्या बँकेत चहाच्या वेळी इतक्यांदा सांगितलं आहे की लोकांना वाटतं स्टुलावर मीच बसलो होतो.

तर काका आले. पाटाजवळ उकिडवे बसले आणि वाकून पांढुरक्या वर्तुळाचा वास घेतला. मग म्हणाले, "तेल समजलं. लिंबू काहून घासलं?"

"मोबाइलवर होतं."

"मोबाइल कोणता दगड धुतो?" त्यांनी डागावर अंगठा फिरवला. "किती दिवस गळली?"

"चार."

"म्हणजे दोन सूत आत." सूत हे त्यांचं कारखान्याचं माप, इंचाचा आठवा भाग. मी कसं कळलं विचारलं. "एक सूत जायला एक दिवस लागला असं धरा. तर दोन सूत जायला दोन नाही लागत, चार लागतात. तीन सूत जायला नऊ. जितकं आत जावं तितकं जड होते. तुम्ही आठवड्यानं पाहिलं असतं तरी दगडानं सोसलं असतं. लिंबू मात्र त्यानं नाही सोसलं."

उपाय त्यांनी सांगितला तो असा: मुलतानी माती नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कालवायची, डागावर जाड थापायची, वरून प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. पाणी आत शिरून तेलाला सोडवतं आणि माती ते पिऊन घेते. खिडक्या उघड्या, समई बंद, नाहीतर डागाबरोबर घरही जाईल. मी विजय नगरच्या दुकानातून त्या पाण्याच्या बारा बाटल्या आणल्या. काउंटरवरच्या दीदीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भैया, कितने नाखून हैं आपके?"

लेप लागला. काकांनी चिकटपट्टीवरून थेट दगडापर्यंत पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढली आणि तीन दिवसांनी येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी एक कोपरा उचलून पाहिला. फक्त पाहिला. परत नीट दाबलाही. तिसऱ्या दिवशी काका आले, वाकले आणि पाहतच राहिले. रेघेचे दोन तुकडे केसभर सरकले होते आणि आतला लेप हवा लागून मधेच वाळला होता.

"झाकण उघडलं तुम्ही," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या. "तुमच्या सासऱ्यांनी तीस वर्षांत एकदाही नाही उघडलं." आणि गेले.

त्या संध्याकाळी मी नवीन लेप स्वतः लावला, पट्टी लावली, रेघ ओढली. सकाळी बँकेत रजा कळवली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून पाटासमोर ठेवलं आणि डबा घेऊन बसलो. कशाची राखण करत होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. घरात उघडणारा मी एकटाच होतो. दुपारी काका दारात उभे दिसले. स्टूल पाहिलं, डबा पाहिला. भिंतीला टेकून खाली बसले आणि माझ्या डब्यातली पोळी घेतली. मग संध्याकाळपर्यंत ते सासऱ्यांबद्दल बोलले: पाट घासताना काका पाणी ओतायचे आणि सासरे हात फिरवायचे, आणि हाताला नाही लागलं तरी सासरे गालाला दगड लावून खरखर तपासायचे. मी या माणसाचा जावई म्हणून आठ वर्षं वावरलो. त्या दुपारी पहिल्यांदा तशी ऐट वाटली.

तीन लेप झाले. दर लेपाला मातीत पिवळी नक्षी उतरायची आणि काका ती उजेडात धरून वाचायचे. लिंबाची जागा त्यांनी बारीक पॉलिश पेपर ओला करून स्वतः घासली, शेवटी गाल लावून पाहिला. अकराव्या दिवशी दगड दुधासारखा झाला. फक्त कोपऱ्यात वालाच्या दाण्याएवढी पिवळट सावली उरली होती. माझ्याकडे एक बाटली शिल्लक होती, एक रात्रही होती. मी झाकण फिरवलं, तर काकांनी हात धरला.

"हा राहू द्या."

"का? एवढासा तर आहे."

"हा आपला नाही."

बाटली त्यांनी स्वतःच्या खिशात घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. हातपाय धुऊन थेट देवघरात गेल्या. बायको बॅगा घेऊन, मी तिच्या मागे दडून आणि मुद्दाम आलेले काका आपले सहज आल्यासारखे, असे तिघं दारात उभे. सासूबाईंनी पाटावर हात फिरवला. बोट कोपऱ्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

"आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काय आहे?" मी विचारलं.

"यांचा डाग. पाट झाला त्या दिवशी आनंदात देवघराच्या दाराला तेल द्यायला गेले आणि कुप्पी पाटावरच ठेवली. मी दोन दिवस बोलले नाही." पदराने त्यांनी ती जागा पुसली. "रोज आधी इथं पुसते."

मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते, खिशातली बाटली चाचपत. त्या रात्री माझ्या हातात ती राहिली असती तर मी सासऱ्यांची उरलेली खूण दगडातून काढून टाकली असती, आणि वर शाबासकीची वाट पाहिली असती.

तेवढ्यात सासूबाईंनी नाक वर केलं. "घरात नेलपॉलिशचा वास काहून येऊन राहिला?"

मग सगळं सांगावं लागलं, समईपासून लिंबापर्यंत आणि लिंबापासून उचललेल्या कोपऱ्यापर्यंत. बायको ऐकत होती. "तीनदा सांगितलं होतं," एवढंच म्हणाली, "घरून, रिक्षातून, स्टेशनवरून."

काकांनी चपला घालता घालता मान हलवली.

"जन्मभर सांगत आलो वहिनी, की जगात भरीव असं काही नसतं. तुमचे जावई पाहिले आणि माझी चूक समजली."