न पुसलेला मळवट

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही किरटे आहे. चौथीनंतर लिहायची वेळच आली नाही. माफ करावे.

माझे लग्न झाले त्या वर्षी ओवे गावाजवळ एका सिनेमाचे शूटिंग झाले. सोन्याची चोरी लपवायला एक टोळी मांत्रिकाकडून गावात भुताची भीती पसरवते आणि शेवटी भूत खरेच निघते, अशी त्याची गोष्ट. पनवेलला तो जेमतेम आठवडाभर चालला. त्यातले प्रेत मी होते. नुसते निजून राहायचे, बोलायचे नाही, म्हणून मी हो म्हटले.

सवाष्णीचे प्रेत दिसावे म्हणून त्यांनी माझ्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. काम संपल्यावर सगळे चहाला पांगले. तोंड धुवायला पाणी कुणाकडे मागू, या लाजेने मी तशीच घरी आले.

सासूबाई दारातच ओरडल्या, "थांब तिथंच! नवऱ्याच्या आधी मेलेल्या बाईला आमी असा मलवट भरतो. आणि तू तो लावून घरात शिरतेस?"

भगताने घराची शांती करायला सांगितली. घरात पैसे नव्हते. थोरल्या जाऊबाईंनी गळ्यातली तोळ्याची माळ मोडली. शांती झाली, पण त्यानंतर कुठल्याच लग्नात मला सवाष्णींबरोबर हळद कुटायला बोलावले नाही. माळेचे पैसे फिटले की बोलावतील, असे मीच मनात धरले. करंजा बंदरावरून सुकी मासळी आणून बाजारात विकली. थोडे साठले की सोन्याचा भाव पुढे गेलेला असायचा.

परवा जाऊबाईंच्या सुनेला तो सिनेमा मोबाईलवर सापडला. "काकी, ह्या तुमी? मेल्यावर पन लाजताय!" ती हसत सुटली. मी पाहिले. प्रेताची पापणी हलत होती.

आज जाऊबाईंच्या धाकट्या मुलाची हळद. सकाळीच जाऊन मी एकदाचे जमलेले माळेचे पैसे आजच्या भावाने त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी दोनदा मोजले.

"आता तुजं काय रायलं नाय."

"मग हळद कुटायला येऊ?" मी पहिल्यांदाच तोंड उघडून विचारले.

"येडी हायस काय? ही मालेची फेड झाली. मलवटाचं कोन काय करनार? तू आपली जेवायला ये."

अंगणात मुसळे धुऊन ठेवली होती. त्यांना वळसा घालून मी घरी आले. माळेचे पैसे मात्र सगळे फिटले.