फोर्तुनाताकाकी आणि पांघरुणातले बटाटे

फोर्तुनाताकाकीला रडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीही तिने आधी मेंढ्या कोंडल्या आणि मग दार लावून घेतलं. तिन्ही पोरं कुस्को शहरात गेली, तिकडेच रमली, हिने परत या म्हणून हाक मारली नाही. एकटीने शेत करायचं, एकटीने विणायचं आणि गावसभेत एकटीने अख्ख्या गावाशी भांडायचं. बरं, बहुतेक वेळा जिंकायचीसुद्धा!

तर यंदा गावसभेत ठरलं की दूर समुद्राकाठच्या लीमा शहरातल्या कॉलेजची मुलं येणार. घराघरात राहणार, विणकाम शिकणार, आपलं जगणं बघणार आणि गावाचा फुटका पाट दुरुस्त करून देणार. काकीचा दीर कासियानो लगेच म्हणाला, "वहिनी, तुम्ही नका घेऊ कुणाला. तुमच्या तोंडापुढे ती समुद्राकाठची पोरं टिकायची नाहीत."

झालं! काकीने तिथल्या तिथे दोन मागून घेतली.

शिमेना आणि रेन्सो. गुणी पोरं, पण डोंगरावरची विरळ हवा सोसेना, आली तीच धापा टाकत. काकीने कोकाच्या पानांचा काढा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं शिकवायला घेतलं. चुलीत शेणी किती घालायच्या, पायात घुटमळणाऱ्या गिनीपिगांना न तुडवता कसं चालायचं, ओझी वाहणाऱ्या लामा जनावराच्या तोंडासमोर का उभं राहायचं नाही (हे रेन्सोला अंगावर थुंकी आल्यावर पटलं). एकच गोष्ट तिने सांगितली नाही. ती सांगावी लागते हेच तिच्या डोक्यात आलं नाही. पाणी ओलं असतं हे कुणी कुणाला सांगतं का?

जून म्हणजे इकडे कडाक्याच्या थंडीचे आणि चुन्योचे, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचे, दिवस. माळावर बटाटे पसरायचे, रात्रीच्या थंडीत दगडासारखे गोठू द्यायचे, दिवसा उन्हात सैल पडू द्यायचे. अशा तीन रात्री गेल्या की पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. मग वर्षंच्या वर्षं काळजी नाही. पण गेल्या साली थंडीने दगा दिला. काकीचा सगळा माल नासला आणि पावसाळाभर तिला दिराच्या घरी जेवावं लागलं. कासियानोच्या बायकोने एकदाही टोमणा मारला नाही, आणि तेच काकीला जास्त लागलं. यंदा परत तसं झालं असतं तर ती मेलीच असती लाजेने.

यंदा दोन रात्री झकास थंडी पडली. फक्त एक राहिली होती. त्या दिवशी काकी बिनघोर बाजाराला गेली.

संध्याकाळी परत येते तर माळ रिकामा!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. चोर? कोल्हे? कोल्हे बटाटे खातात होय! ती पळत घराकडे आली. दारात शिमेना आणि रेन्सो, नखशिखांत मातीने माखलेले, आणि तोंडावर हे एवढं हसू.

"काकी, तुमचे बटाटे बाहेरच राहिले होते!" शिमेना म्हणाली. "रात्री गोठले असते ना! आम्ही सगळे आत आणले."

आत चुलीला चिकटून पोती रचलेली. वरून घोंगड्या. त्यावर पोरांच्या स्वतःच्या झोपायच्या पिशव्या. बटाटे लेकरांसारखे उबेत झोपलेले.

काकीने वरच्या घोंगड्या ओढून फेकल्या.

"अगं, गोठायलाच तर ठेवले होते ते!" ती ओरडली. "ऊब लागली की आंबतात, आंबले की संपलं! माझं वर्ष होतं गं त्या पोत्यांत!"

शिमेनाचा चेहरा पडला आणि ती हमसाहमशी रडायला लागली. रेन्सोने मात्र एक पोतं खांद्यावर घेतलं आणि माळाकडे निघाला. पण ऊन उतरत होतं. तिघांनी पसरून ते होणार नव्हतं, आणि गावाला बोलवायचं म्हणजे गाव हसणार. काकीने दात-ओठ खाल्ले, टेकाडावर गेली आणि हाक दिली.

अख्खं गाव आलं. आणि हसलंच! "काय वहिनी," कासियानो पोती उपसत म्हणाला, "बटाट्यांना अंगाईपण म्हटलीत का?"

"तुम्ही हात चालवा भाऊजी, तोंड नंतर चालवा."

बटाटे पसरून झाले तेव्हा कासियानोने वर पाहिलं. डोंगरामागून ढग सरकत होते. तो हसायचा थांबला. ढग आले की थंडी गेली. त्यात घराघरांतून चुलींचा धूर माळावर उतरायला लागला होता. धुराचं पांघरूण म्हणजे आणखी ऊब.

चुली विझवा म्हणायला काकीने तोंड उघडलं आणि मिटलं. गावाला उपाशी कसं ठेवायचं? मागायची तिला सवयच नव्हती.

कासियानोची बायकोच म्हणाली, "चुली विझवा रे! आज भाजलेला मका आणि चीज. गरम सूप एक दिवस नाही मिळालं तर मरत नाही कुणी."

एकेक करून धूर थांबले. काकी घरी आली. अंथरुणावर पडली, पण जीव टांगणीला.

उजाडता उजाडता ती माळावर गेली. पोरं घोंगड्या गुंडाळून मागोमाग. पायाखालचं गवत करकर वाजत होतं. रात्रीत ढग पांगले होते, आभाळ लख्ख! तिने एक बटाटा उचलला, दुसऱ्यावर आपटला.

टक्.

दगड. नुसता दगड! तिने आणखी एक उचलला. टक्. काकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि शिमेना घाबरली, "काकी, नासले का?"

"नाही गं वेडे, नाही! झाले! सगळे झाले!" काकीने तिला अशी मिठी मारली की पोरीचा श्वासच अडकला.

ऊन चढलं तसे बटाटे सैल पडले. पुन्हा गाव जमलं आणि सगळ्यांनी अनवाणी तुडवायला सुरुवात केली. रेन्सो थंडगार चिखलात किंचाळत नाचत होता, बायका त्याच्यावर हसत होत्या. कासियानो काहीतरी चिडवायला वळला तर काय, काकी रिकाम्या पोत्यावर डोकं टेकून भर उन्हात घोरत होती.

"गप्प रे," तो पोरांना हळूच म्हणाला. "पाय चालवा, आवाज नको. झोपू द्या वहिनींना."