चपला काढून

आधी ते चपला काढायचे.

कुठंही. आमच्या प्रेसमध्ये, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर कचेरीच्या व्हरांड्यात. समोरच्या माणसाचं चित्र डोक्यात आलं की पायानंच चपला भिरकावायच्या, मांडीवर पुठ्ठा घ्यायचा आणि डावा डोळा मिटायचा. दोन चपलांतली एक सरळ पडायची, दुसरी हमखास उलटी.

"दुसऱ्याच्या तोंडावर पाय द्यायचा आपला धंदा," ते म्हणायचे, "निदान चपला काढून द्यावा."

सत्तरनंतरची ती वर्षं. मी सांगलीत एका साप्ताहिकात प्रुफं तपासायचो आणि हे गृहस्थ साताऱ्याहून एसटीनं यायचे. नोकरी कुठंच नाही. दिवाळी अंकांतली हास्यचित्रं, टॉकीजमध्ये मध्यंतराला दाखवायच्या जाहिरातींच्या काचा, हळदीच्या पेढीचं कॅलेंडर, जे मिळेल ते करायचे. लग्नपत्रिकांवरचे गणपतीही काही दिवस काढले. पण त्यांचा गणपती बघून लोकांना हसू फुटायचं, म्हणून ते काम आपोआपच बंद पडलं.

चित्राखाली सही नसायची. कोपऱ्यात दोन इवल्याशा चपला, एक सरळ आणि एक उलटी. साताऱ्यात त्यांच्या दारातही हाच देखावा असायचा. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, म्हणून वहिनी येता-जाता ती सरळ करायच्या. "सगळ्या मुलखाची तोंडं वाकडी करतात आणि ही एक चप्पल काही सरळ ठेवता येत नाही," असं आमच्यादेखत बोलायच्या. हे खाली मान घालून हसायचे.

माझं चित्र काढलं तेव्हा त्यांनी मला हनुवटीच ठेवली नाही. मी आठवडाभर अबोला धरला. मग एकदा दाढी करताना नीट पाहिलं. खरंच नव्हती हो! त्यानंतर आमची दोस्ती जमली ती जमलीच.

"आता एकदा स्वतःचं काढा की," मी म्हणायचो.

"काढलं असतं. पण चपला कुणापुढं काढू?"

असा हा माणूस एकदा माणसं काढायचाच थांबला. ती हकिगत सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळायचे नाहीत.

औंधकडच्या एका गावात एक रिटायर सुभेदार होते. म्हशींनासुद्धा ओळीत पाणी पाजणारा माणूस. यांनी त्यांना स्टँडवर पाहिलं आणि गाडी सोडून चपला काढल्या. चित्रात नुसता चेहरा: झुपकेदार मिशा, आणि दोन्ही बाजूंना सुपासारखे कान, त्यांवर तोललेली टोपी. आमच्या अंकात ते छापलं, लोक पोट धरून हसले. छापून झालं की चित्राचा जस्ताचा ठोकळा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणायचो, कपाटात जायचा. आमचे मशीनवाले बाबूभाई प्रत्येक ब्लॉकच्या मागं नाव लिहून ठेवायचे. फार शिस्तीचा माणूस.

त्या शिस्तीनंच घात केला. पुढं सुभेदार वारले. पाहुण्यांपैकी कुणीतरी श्रद्धांजलीचा मजकूर आणून दिला, फोटो नव्हता. बाबूभाईंनी कपाटात नाव शोधलं, ब्लॉक सापडला, चौकटीत बसवला. मशीनवाला ब्लॉक उलटाच बघतो, आणि शाई लागल्यावर त्याचं लक्ष शाईकडं. अंक बाजारात गेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली ते कान.

सोमवारी सुभेदारांचा मुलगा दारात उभा. मुंडण केलेलं डोकं, हातात चुरगळलेला अंक.

"आमचा बा मेला तर तुमी चेष्टा करताय व्हय? कुनी काढलं ह्ये?"

नेमके त्या दिवशी आमचे चित्रकार कोपऱ्यात बसून काम करत होते. बाबूभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ते पुढं होऊन "गलती माझी" म्हणायच्या आत हे अनवाणीच उठले.

"चित्र माझं आहे. चूकही माझी."

मुलानं हात उगारला होता. पण समोर अनवाणी, हात जोडलेला माणूस. त्यानं हात खाली घेतला, अंक जमिनीवर टाकला आणि निघून गेला.

त्यानंतर या गृहस्थांनी माणसं काढायची सोडली. पणत्या काढल्या, कमळं काढली. नळाला पाणी नाही या विनोदाला चित्र मागितलं, तर नुसता नळ काढून पाठवला. मी वैतागून साताऱ्याला गेलो. दारात दोन्ही चपला सरळ. मला तर धस्सच झालं.

"माणसं का काढत नाही?"

"हसवत होतो तोवर ठीक होतं. मेलेल्या माणसाची टिंगल झाली माझ्या हातून. आता तो डोळा मिटतच नाही."

"हे घरात भांडतसुद्धा नाहीत हो आता," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग एके दिवशी तोच मुलगा पुन्हा प्रेसमध्ये आला. या खेपेला आवाज खाली. "आईनं बलावलंय. चित्र काडनाऱ्याला घिऊन ये म्हनली." आता आईच्या शिव्या खायच्या, असं म्हणत हे निघाले. एकट्यानं जाववेना, म्हणून मला सोबत घेतलं.

सोप्यात भिंतीवर सुभेदारांचा पलटणीतला फोटो होता. ताठ, कुणाही सुभेदाराचा असावा तसा. त्याखाली अंकातलं ते चित्र कापून, पुठ्ठ्यावर डकवून, हार घालून लावलेलं. आम्ही दोघं बघतच राहिलो.

म्हातारीनं आम्हाला घोंगडीवर बसवलं. यांनी हात जोडले. "मावशी, माझं चुकलं."

"चुकलंच हाय," म्हातारी म्हणाली. "कान ल्हान काडल्यात."

"अहो, मी तर ते मोठे करून काढलेत!"

"न्हाई. त्येंचं ह्याच्यापरीस लय मोटं हुतं. चाळीस वर्सं मी बगितल्यात का तुमी?" मग वरच्या फोटोकडं बोट केलं. "त्यो सरकारचा मानूस. ह्यो घरचा. पर कान तेवडं नीट करा बाबा."

तिनं चित्र काढून यांच्या मांडीवर ठेवलं. यांनी खिशातून पेन काढलं आणि घुटमळले. चपला तर उंबऱ्याबाहेर राहिल्या होत्या. उठले, बाहेर गेले, चपला घातल्या, पुन्हा भिरकावल्या आणि आत येऊन बसले. मुलगा यांच्याकडं बघत होता. मी मात्र चपलांकडं बघितलं. एक उलटी पडली होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

डावा डोळा मिटला.

"आता?"

"आनिक जरा."

"आता?"

म्हातारीनं चित्र हातात घेतलं, पदर तोंडाला लावून खुदकन हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "हां," म्हणाली, "आलं आमचं मानूस."

परतताना एसटीत यांनी कंडक्टरचं चित्र काढलं. कंडक्टर चिडला. सगळं पूर्ववत झालं.

काही वर्षांनी ते गेले. दुखणं थोडक्याचंच झालं. आम्ही श्रद्धांजलीचा मजकूर जुळवला आणि फोटोसाठी वहिनींकडं गेलो. स्टुडिओतला एक फोटो मिळाला: मागून आणलेला कोट, तोंडाला पावडर, दोन्ही डोळे सताड उघडे. बाबूभाईंनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि मला परत दिला.

"साब, ये कोण? हे आपले न्हाईत. एकदा चुकीचा ब्लॉक लावला मी. पुन्यांदा न्हाई लावनार."

कपाटातून त्यांनी सुभेदारांचाच जुना ब्लॉक काढला. करवतीनं त्याचा एक कोपरा कापून घेतला, तो कानशीनं घासला आणि मोठ्या काळ्या चौकटीत मधोमध बसवला. बाकी चौकट कोरी. मी अडवलं नाही.

अंक घेऊन मीच साताऱ्याला गेलो. वहिनींना काय वाटेल, हीच धास्ती. त्यांनी पान उघडलं. कोऱ्या चौकटीत दोन इवल्याशा चपला, एक सरळ, एक उलटी. त्यांनी बोट पुढं केलं आणि त्या कागदावरची उलटी चप्पल सरळ करायला लागल्या.